चपला काढून चढायचं विमान

सत्तरच्या दशकात एका छोट्या प्रवासी विमानाच्या प्रकल्पाचा मी प्रमुख होतो. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात माझ्या हाताखाली नागपुरातलं एक रिकामं गोदाम, सहा सुतार आणि प्लायवूडचं विमान होतं. पंख नाहीत, इंजिन नाही. नुसतं पोट, चाळीस खुर्च्या आणि एक दार. आग लागली तर चाळीस माणसं दीड मिनिटात बाहेर पडतात का, एवढंच दिल्लीच्या समितीला पाहायचं होतं. पडली तर खऱ्या विमानाला मंजुरी. नाही पडली तर माझं सहा वर्षांचं काम गोदामातच राहणार होतं.

चाळीस माणसं आणायची कुठून? मी आमचा विणकरांचा मोहल्लाच उचलून आणला. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या. मामीनं पुऱ्या आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा बांधून घेतला होता. विमान जागचं हलणार नाही, हे मी तिला दहादा सांगितलं. ‘हो गा, पन भूक त लागनच नं,’ ती म्हणाली. बाबा खिडकीशी बसले. मी पाठवलेलं विमानाचं तिकीट त्यांनी दोनदा परत केलं होतं. बसीन तर तुह्याच विमानात, हा त्यांचा हट्ट.

समितीच्या साहेबांनी शिट्टी फुंकली. माणसं दारापर्यंत आली आणि तिथंच अडली. मी धावत जाऊन पाहिलं आणि कपाळावर हात मारला. दोन दिवसांपूर्वी खंडेनवमीला सुतारांनी करवत-रंध्यासोबत विमानाचीही पूजा केली होती. उंबऱ्यावर हळदीकुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक होतं. ते पाहून साऱ्या मोहल्ल्यानं चपला शिडीवर काढल्या होत्या. आता पुढचे चौघे वाकून चपला शोधत होते आणि मागचे त्यांना आपापल्या जोड्याच्या खुणा सांगत होते.

बाबा तर खिडकीशीच बसून होते.

‘बाबा, उतरा नं! आग लागली.’

‘कुठी?’

‘समजा, लागली.’

‘मंग समज, मी उतरलो. काहून ओरडून राहिला?’

साडेसहा मिनिटं लागली. साहेबांना रागावताही येईना, कारण सकाळी पाहणीला आत जाताना त्यांनीही बूट काढले होते. जेवणानंतर आणखी एक संधी देतो, म्हणाले. ती शेवटची.

मी मुख्य सुताराला म्हटलं, स्वस्तिक पुसून टाक. ‘पूजलेलं पुसत नाही, साहेब,’ म्हणून तो बिडी ओढायला निघून गेला. मग मी मोहल्ल्याला चपला घालूनच चढायला सांगितलं. कोणी हलेना. मी ओरडलो, विनवण्या केल्या, शेवटी नियमांचं जाडजूड पुस्तक उघडून, प्रवाशांच्या पायात चपला-बूट हवेतच, हे कलम दाखवलं.

‘त्यात स्वस्तिकावर पाय द्याले लिवलं हाय का?’ मामीनं विचारलं. मी पुस्तक मिटलं.

तेव्हा बाबा उठले. त्यांनी उभ्या जन्मात हातमागाजवळ चप्पल नेली नव्हती. घरात कोणी नेली तर दिवसभर बोलायचे नाहीत. त्यांनी चपला पायात सरकवल्या, शिडी चढले, उंबऱ्याला हात जोडले आणि स्वस्तिकावर पाय ठेवला.

‘चला, पोराचं काम हाय,’ एवढंच म्हणाले. मागून सगळा मोहल्ला चढला. दुसऱ्या शिट्टीला सगळे वेळेत बाहेर आले, मामी तर डब्यासकट. साहेबांनी जागेवरच सही केली.

संध्याकाळी मी संत्रा बर्फी घेऊन घरी गेलो. बाबा अंगणात पाय धूत होते, साबण लावून, पुन्हा पुन्हा. बर्फी त्यांनी घेतली नाही. आज उपास हाय, म्हणाले. वार मंगळवार होता. बाबांचा उपास सोमवारी असायचा.

‘पास झालं नं तुह्यं विमान?’

‘झालं.’

‘मंग तोंड काहून पाडून राहिला?’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी चपला काढल्या, तांब्या उचलला आणि त्यांच्या पायांवर पाणी घालू लागलो.