काकूंसाठी शहर

पामर्स्टन नॉर्थ हे गाव फ्रान्समध्ये नाही, पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, ही गोष्ट माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांना जगातली कुठलीही शक्ती पटवून देऊ शकली नाही. त्यांना नकाशा दाखवून झाला. इथले लोक इंग्रजी बोलतात, हेही त्यांच्या कानावर घालून झालं. ते सगळं शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "हो, पण म्हणून नीट वागायचं नाही का?" नीट वागायचं म्हणजे ल्योंच्या लोकांसारखं. काका मूळचे इचलकरंजीचे. सुताला रंग कसा बसतो याचा त्यांनी अभ्यास केला आणि त्या रंगांच्याच पायी फ्रान्समधल्या ल्यों शहरात जाऊन ते तीसेक वर्षं राहिले. माणसाने कसं जगावं याचा निकाल ल्योंमध्ये कधीच लागलेला आहे आणि बाकीच्या शहरांनी उगाच डोकं न चालवता तो मान्य करावा, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्यांचा मुलगा इथल्या संशोधन संस्थेत गवतावर काम करतो, सून म्हणजे माझी मैत्रीण हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, आणि मी त्यांच्याच बंद गल्लीत राहते. कोपऱ्यावरच्या फार्मसीत औषधं देण्याचं काम माझं. नातीच्या जन्माच्या वेळी काका आणि काकू तीन महिन्यांसाठी आले. तीन महिने संपल्यावर काकू ठरल्याप्रमाणे ल्योंला परत गेल्या. काका राहिले. घरामागे जमीन होती, तिच्यात त्यांनी मेथी पेरली होती, आणि नात त्यांच्या बोटाशिवाय झोपत नव्हती. "मेथी उगवू दे, मग बघू," असं ते म्हणाले. मेथी उगवली, खाऊन झाली, पुन्हा पेरली, तरी काका इथेच.

मग काकूंनी इथे यावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. काकू फोनवर फक्त "बघू" म्हणत. दुसऱ्या कुणी त्या "बघू"चा अर्थ ओळखला असता. काकांनी तो आपल्या सोयीने लावला: गावात काहीतरी कमी आहे, ते आपण भरून काढलं की ही येईल. एकदा मी त्यांना विचारलंच, "काका, एवढा आटापिटा कशासाठी?" ते म्हणाले, "तिला इथे परकं वाटता कामा नये. उतरल्याबरोबर वाटलं पाहिजे की आपण घरीच आलो." आणि एका माणसाने, सायकलवरून हिंडत, एक अख्खं शहर दुरुस्त करायला घेतलं.

सुरुवात नमस्कारापासून झाली. ल्योंमध्ये म्हणे दुकानात पाऊल टाकलं की आधी 'बाँझूर' म्हणायचं, मग तोंडातून दुसरा शब्द काढायचा. आमच्या फार्मसीत काका शिरले की रांगेत बसलेल्या प्रत्येकाला वेगळा बाँझूर मिळे, डुलकी लागलेल्यालासुद्धा. पायाला बँडेज बांधलेले एक आजोबा पहिल्यांदा दचकले, दुसऱ्यांदा "किया ओरा" असा इथला नमस्कार म्हणाले, आणि पुढे पुढे काका यायच्या वेळी ते कॉलर सारखी करून बसायला लागले. गल्लीच्या तोंडाशी एका पंजाबी गृहस्थांची डेअरी आहे. डेअरी म्हणजे इथल्या भाषेत दूध-ब्रेडपासून पतंगापर्यंत सगळं मिळणारं लहानसं दुकान. हे गृहस्थ फोनवर क्रिकेट बघत दुकान चालवायचे. काका दुधाची बाटली हातात धरून गल्ल्यासमोर उभे राहायचे आणि ती खाली ठेवायचेच नाहीत. "अंकलजी, कार्ड टॅप कर दो," डेअरीवाले मान वर न करता म्हणायचे. काका म्हणायचे, "पहले मेरी तरफ देखो तो. पहले आदमी, फिर दूध." मागे रांग वाढायची. महिनाभरात असं झालं की काकांची सायकल लांबून दिसली तरी डेअरीवाले फोन उलटा ठेवून दारात येऊन उभे राहायचे.

पाव हे दुसरं प्रकरण. चांगला पाव दाबला की कुरकुरून बोलतो, असं काकांचं म्हणणं. म्हणून सुपरमार्केटमध्ये ते एकेक पाव कानाशी नेऊन दाबायचे. तिथल्या मुलीने काळजीने विचारलं, "यू ओके, सर?" काका खिन्नपणे म्हणाले, "मी ठीक आहे, हा गप्प आहे." शेवटी त्यांनी घरीच पाव भाजायला घेतला. पहिल्याच दिवशी इतका धूर झाला की अलार्म वाजला आणि अग्निशमन दलाची गाडी गल्लीत शिरली. काकांनी दारातच सगळ्या जवानांशी हस्तांदोलन केलं, त्यांना आत बसवलं आणि करपलेला भाग खरवडून काढून उरलेला पाव ठेच्याबरोबर वाढला. ठेच्यानंतर त्यातल्या एकाने स्वतःच पाण्याची नळी शोधली, असं माझी मैत्रीण सांगते. पण गाडी जाताना सगळ्यांनी हात हलवून निरोप घेतला होता, हे मी माझ्या खिडकीतून पाहिलेलं आहे.

जेवणाच्या बाबतीत तर काका दयामाया जाणत नसत. दुपारी बारा ते दोन जगाने बसून जेवायचं, हा कायदा. इथली माणसं गाडी चालवता चालवता मीट-पाय, म्हणजे खिमा भरलेली भाजकी कचोरी, खातात, हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. पुढे नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर नेमका बाराच्या ठोक्याला व्हॅनमध्ये जाऊन बसायला निघाला, तेव्हा काकांनी त्याचा पाना काढून घेतला आणि त्याला पानावर बसवलं. आधी कोशिंबीर, ती एकटीच. मग भरलेलं वांगं. मग भात. मग चीज, कारण ल्योंमध्ये गोडाच्या आधी चीज असतं. मग शिरा. तो बिचारा शॉर्ट्स आणि मोजे सावरत प्रत्येक वाटीनंतर उठायला बघायचा आणि पुन्हा खाली बसवला जायचा. पुढच्या आठवड्यात तो कुणी न बोलावता पावणेबाराला हजर झाला. नळ परत एकदा बघून घेतो म्हणाला. नळ उत्तम चालत होता. काकांनी त्याला हात धुवायला सांगितलं.

सगळ्यात अवघड गेला तो रविवार. ल्योंमध्ये रविवारी आवाज करत नाहीत. इथे रविवार उजाडला की गल्लीभर गवत कापायची यंत्रं घरघरायला लागतात. समोरच्या घरातले निवृत्त शेतकरी त्यात सगळ्यांत पुढे. काका दर रविवारी ताटलीत काहीतरी झाकून घेऊन त्यांच्या कुंपणाशी जायचे. "आठवडाभर वारा आणि पाऊस, मेट. एकच दिवस कोरडा मिळतो," शेतकरीबुवा म्हणायचे. काका मान डोलवायचे, ताटली द्यायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा उभे. थालीपीठ झालं, साटोऱ्या झाल्या, अळूवडी झाली. अळूवडीला बुवा शरण आले. दोन वाजेपर्यंत गल्लीतली यंत्रं बंद, असा तह झाला. त्या रविवारी काकांनी फोन उघड्या खिडकीत धरला आणि ल्योंमध्ये रात्री झोपेतून उठवलेल्या काकूंना गल्लीतली शांतता ऐकवली. "ऐकू येतंय का?" "काहीच ऐकू येत नाहीये," काकू म्हणाल्या. "तेच," काका म्हणाले.

आणि एका जानेवारीत काकू खरंच आल्या. काकू म्हणजे लहानशी, आखूड केसांची, भरभर चालणारी बाई. डेअरीवाल्यांनी दारातच "बाँझूर, आंटीजी" म्हणून स्वागत केलं. काकूंनी त्यांना "कैसे हो भैया" म्हणून मीट-पाय मागितला आणि तो फूटपाथवर उभ्याउभ्या, सॉस गळत असताना खाल्ला. काका बाजूला उभे होते. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, असं डेअरीवाले अजून सांगतात. दुसऱ्या दिवशी काकूंनी जॅंडल्स घेतल्या, म्हणजे आपल्या रबरी सपाता. तिसऱ्या दिवशी टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून त्या सुनेबरोबर नदीत उतरल्या. शेतकरीबुवांना त्यांनी सांगितलं, कापा हो गवत, मला त्याचा वास आवडतो. काकांनी केलेल्या ल्योंकडे त्या वळूनसुद्धा बघत नव्हत्या. पण एकंदरीत खुशीत होत्या, आणि काकांना तेवढं पुरेसं होतं. फार्मसीत येऊन ते मला म्हणाले, "रमली बघ. तिच्यासाठी सायकल बघतोय, जरा बुटकी." त्यांचा आनंद बघून मलाही वाटलं की जमलं हे.

काकूंच्या मुक्कामातल्या शेवटच्या रविवारी काकांनी गल्लीत पंगत घातली. ल्योंमध्ये वर्षातून एकदा इमारतीतली माणसं अंगणात टेबलं जोडून एकत्र जेवतात. ते इथे झाल्याशिवाय शहर पूर्ण होणार नव्हतं. आमच्या गावचा वारा प्रसिद्ध आहे. कागदी रुमाल पहिल्या पाच मिनिटांत कुंपणापलीकडे गेले, चादरी काकांनी कपड्यांचे चिमटे लावून टेबलांना जखडून ठेवल्या. तरी सगळे आले. प्लंबर बायकोला घेऊन आला. कोशिंबीर एकटी खायची असते, हे तो तिला समजावून सांगत होता.

जेवणं झाल्यावर काकू, काका आणि मी स्वयंपाकघरात भांडी उरकत होतो. काकू घासत होत्या, मी विसळत होते, काका पुसत होते. "सगळं फार छान केलंत तुम्ही," काकू म्हणाल्या. "शुक्रवारी मी निघते."

"तिकीट पुढे ढकलता येतं," काका म्हणाले.

"ढकलायचं नाहीये."

"काय कमी आहे ते सांग. करून घेऊ."

मी हात पुसून निघायला लागले, तर काकू म्हणाल्या, "थांब गं, तू काही परकी नाहीस." मग नळ बंद करून त्या काकांकडे वळल्या. "तुम्हाला ते बाँझूर किती आवडतं. पहिल्या वर्षी मी खाली पाव आणायला जायची, आणि माझ्या तोंडातून ते निघायचं नाही. बेकरीतली बाई माझ्याकडे बघायचीच नाही. मी तशीच वर यायची आणि तुम्हाला सांगायची, पाव संपला होता."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही नोकरीत नवीन होता. तुमचंच तुम्हाला खूप होतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मग मी एकेक माणूस जोडत गेले. आता नवऱ्यामागे नव्या मुली येतात. कुणी नाशिकची, कुणी लातूरची. दिवसभर फ्लॅटमध्ये बसून रडतात. त्यांना मी बाजारात नेते, कोथिंबीर मागायला लावते, डॉक्टरकडे सोबत जाते. त्यातली एक एप्रिलमध्ये बाळंत होणार आहे. तिच्या आईला यायला जमत नाही, मी शब्द दिलाय. माझं शहर म्हणजे ते आहे. ते तुम्हाला इथे आणता येणार नाही." मग त्या म्हणाल्या, "एकदा मी तुमच्यामागे आले. आता तुम्ही माझ्याकडे याल का? नाही आलात तरी मी रागावणार नाही. पण मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार नाही."

काका तीच ताटली पुसत राहिले.

काकू शुक्रवारी गेल्या. त्यानंतर काका फारसे दिसले नाहीत. एके सकाळी ते फार्मसीत आले आणि म्हणाले, "रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या दे. पुढच्या तिकडून घेईन." काका ल्योंला परत जाणार, हे मला मैत्रिणीकडून आधीच कळलं होतं. मुलगा थांबा म्हणत होता. सून रडली होती. नात नुकती कुठे त्यांना मराठीत उत्तर द्यायला लागली होती. बाकी सगळ्यांशी ती इंग्रजीतच बोलते.

"काका, वर्षातून एकदा तरी याल ना?" मी विचारलं.

"येत जाईन. पण येत जाणं वेगळं आणि असणं वेगळं."

"खूप वाईट वाटतंय का?"

"वाटतंय तर. कालपासून पोरीच्या खोलीत जायचं टाळतोय." त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "पण एक सांगू का, बाळ? मी ल्योंची नोकरी घेतली, तेव्हा हिला विचारलं नव्हतं. घरी येऊन नुसतं सांगितलं होतं, सामान भर म्हणून. तिने मला निदान विचारलं."

मी गोळ्यांची पिशवी त्यांच्यासमोर ठेवली. कुठली सकाळी, कुठली रात्री, हे त्यांना कित्येक दिवसांपासून पाठ होतं. तरी मी एकेक पाकीट बाहेर काढून सगळं पुन्हा सावकाश समजावून सांगितलं, आणि त्यांनीही ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.