उसाशावरचा देव

सत्यशीला आमच्या कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायची ही नोकरी. चूक सापडली की ती ई-मेल करत बसायची नाही. ज्याची चूक त्याच्या टेबलाशी जाऊन सांगायची, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्यामुळे हिंजवडीच्या बसमध्ये तिच्या शेजारची जागा बहुतेक रिकामी असायची. तिथे मी बसले. आमची मैत्री अशी झाली.

तिच्या डोक्यात एक भुयार होतं.

पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांत पाणी आणायला जमिनीखालून वाट बांधली. माणूस चालू शकेल एवढी उंच. मध्ये मध्ये विहिरीसारखी दगडी तोंडं ठेवली. त्यांतून हवा आत जायची आणि गाळ काढायला माणसं उतरायची. त्या तोंडांना उसासे म्हणतात. दीडदोनशे वर्षं ते चाललं, पुढे नळ आले, भुयार निकामी झालं, उसासे एकेक करून बुजले.

पुण्यात या भुयाराचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या एका सहलीला सत्यशीला मला घेऊन गेली. एक गृहस्थ चुन्याच्या बांधकामावर फार छान बोलले. शेवटी तिने विचारलं, "गाळ कोण काढायचं?"

"ठेवलेली असायची ना माणसं."

"कोण माणसं?"

"आता ते कसं सांगता येणार? आपण चुन्याबद्दल बोलत होतो."

"माझे आजोबा," ती म्हणाली. "ते उतरायचे. ज्या हौदासाठी उतरायचे त्याला हात लावायची त्यांना परवानगी नव्हती. हेही सांगत जा. चुन्यानंतर सांगितलंत तरी चालेल."

गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. लोक चहाकडे वळले.

आजोबांची गोष्ट तिला वडिलांकडून कळली होती. तिचे वडील, रतनकाका, पोस्टातून निवृत्त झालेले. ते सांगायचे, गाळ काढणाऱ्यांना लिहिता येत नसे. म्हणून आपला टप्पा साफ झाला की प्रत्येक जण भिंतीच्या गिलाव्यात आपली खूण कोरायचा. मुकादम खुणा बघून काम धरायचा. आजोबांची खूण होती मासा.

"मासाच का?" मी विचारलं होतं.

"दुसरं काही काढता येत नव्हतं त्यांना," रतनकाका म्हणाले. मग म्हणाले, "बापाच्या हातचं माझ्याकडे काहीच नाही. फोटोसुद्धा नाही."

म्हणून सत्यशीला उघडा उसासा शोधत होती. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात तो तिला धनकवडीच्या मागच्या अंगाला सापडला. एका बिल्डरने घेतलेल्या जागेत, बाभळींच्या आड. तिथे मोठी इमारत होणार होती. आमच्यासारख्यांसाठीच. बसथांब्यापासून जवळ, असं जाहिरातीत लिहिलं होतं.

वॉचमन श्यामसुंदर भला माणूस होता. म्हणाला, रविवारी साहेब नसतात. आम्ही ट्रेकची दोरशिडी नेली. ती उतरली. मी वर काठाशी पालथी पडून शिडी धरून राहिले. बराच वेळ खालून फक्त पाण्यात पाय टाकल्याचा आवाज येत होता. मग तिची हाक आली.

"ऋतुजा! मासा आहे! एक नाही, खूप आहेत!"

वर आली तेव्हा कमरेपर्यंत चिखल होता. मोबाइलवर काढलेले फोटो सगळे काळे आले होते. ते तिने वडिलांना दाखवले. त्यांनी फोन परत दिला.

"फोटो नको. मला उतरव."

"बाबा, तुमचे गुडघे."

"गुडघे माझे आहेत. तू शिडी धर."

पुढचा रविवार ठरला. शुक्रवारी श्यामसुंदरचा फोन आला की सोमवारी जेसीबी येणार, जागा सपाट करणार, आणि तोवर कुणालाही आत सोडायचं नाही असं साहेबांनी बजावलंय. सत्यशीला एका सरकारी कचेरीत गेली. मी सोबत होते.

"तिथे भुयार आहे हे सिद्ध करा," कचेरीतले साहेब म्हणाले.

"उतरून बघा."

"उतरायला परवानगी लागते."

"मग द्या."

"भुयार असल्याचं सिद्ध झालं की लगेच देऊ."

बाहेर पडल्यावर ती तडक निघाली. मंडईत गेली. शेंदूर घेतला, तेल घेतलं, नारळ आणि झेंडूची माळ घेतली. सोमवारी सकाळी कामावरची माणसं यायच्या आत ती कुंपणाच्या फटीतून शिरली. उसाशाच्या काठावरच्या एका सुट्या दगडाला तिने शेंदूर फासला, माळ घातली, पुढे नारळ फोडला.

जेसीबीवाल्याने यंत्र बंद केलं आणि चप्पल काढली. मालकाला म्हणाला, मी नाही हात लावणार, दुसरा बघा. दुसरा आला. त्यानेही लावला नाही.

बसमध्ये ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "कायदा चालत नाही, कागद चालत नाही, शेंदूर चालतो! काय गाव आहे!"

मीही हसले.

रतनकाका हसले नाहीत. संध्याकाळी मी त्यांच्या घरी होते. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"छप्पन्न साली माझ्या बापानं घरातले देव नदीत सोडले. मी बारा वर्षांचा होतो, मीही गेलो होतो. आणि तू शेंदूर विकत आणलास?"

"देव म्हणून नाही आणला, बाबा. कुंपण म्हणून आणला."

"जे दगडापुढे वाकतील त्यांना ते कुठून कळणार?"

"पंधरा दिवस. काम थांबलंय म्हटल्यावर कचेरीतला माणूस पाहणीला येतो म्हणालाय. तो येऊन गेला की मी स्वतः काढते."

"काढ. मग मला बोलाव. तो दगड तिथे असेपर्यंत मी तिथे पाय ठेवणार नाही."

पाहणीला कुणी आलं नाही. आमच्या प्रोजेक्टची तारीख जवळ आली आणि शनिवार-रविवार ऑफिसात जायला लागले. घरी बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. महिना उलटला. एका दुपारी आम्ही सुटी काढून गेलो.

कुंपणाला कमान होती. आत पत्र्याची शेड, खाली पांढरी फरशी, पितळी घंटा. फलकावर लिहिलं होतं, जागृत देवस्थान. त्याखाली, फरशी व बांधकाम सौजन्य. पुढे बिल्डरचं नाव. शेजारी इमारतीच्या जाहिरातीचा नवा फलक होता. त्यात एक ओळ वाढली होती. आवारात प्राचीन मंदिर.

उसासा दिसत नव्हता.

शेजारच्या वस्तीतल्या विमलाबाई फरशी पुसत होत्या. सत्यशीलाने विचारलं, "इथली विहीर?"

"हितंच व्हती की. आत पोकळ हाय म्हनून फरशी खचंल म्हनले सायेब. ट्रकावर ट्रक डबर ओतलं, वरून शिमीट. आता काय भ्या न्हाई."

सत्यशीला खाली बसली. मग उठून ओरडली, "हा दगड मी ठेवलाय! शेंदूर मी लावलाय! मंडईतून आणलाय! इथे देवबिव काही नाही!"

विमलाबाईंनी फडकं पिळलं. "द्येव असाच येतो, बाई. कुनाच्या तरी हातानं. तुज्या हातानं आला. भाग्याची हाईस."

मला अजून हे कळत नाही. खोटं बोलली तेव्हा सगळ्यांनी चपला काढल्या. खरं बोलली तेव्हा तिलाच भाग्याची ठरवलं.

गवंड्याची पहार भिंतीला टेकवलेली होती. मी तिला धरायच्या आत तिने ती उचलली आणि फरशीवर घातली. एकदा. पुन्हा. फरशी तडकली. तिसऱ्यांदा पहार वर गेली तेव्हा देवस्थानाच्या मंडळाची पोरं धावत आली. पोरांनी नाव विचारलं. मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर कुणी तिला भाग्याची म्हटलं नाही.

चौकीत फौजदार शांत होते. "देवाला हात का लावला?"

"मीच ठेवला होता."

"कशासाठी?"

"बिल्डरनं भुयार बुजवू नये म्हणून."

"मग बुजवलं?"

"बुजवलं."

"मग आता राहिलं काय? मंडळाची माफी मागा, लिहून द्या, घरी जा. नोकरी चांगली आहे तुमची. केस झाली तर कंपनी ठेवेल का?"

"त्या पोरांनी मला काय शिव्या दिल्या ते लिहून घेणार का?"

फौजदारांनी पेनाला टोपण लावलं.

मी रतनकाकांना फोन केला होता. ते रिक्षाने आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्यांनी माझ्याकडून सगळं ऐकलं. डबर आणि सिमेंटचं आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मी घाबरले, पण काही झालं नाही.

"समजावा मुलीला," फौजदार म्हणाले. "एक सही, बस."

"ती सज्ञान आहे," काका म्हणाले. "सही करशील, शीला?"

"नाही."

"ठीक."

ते तिच्या शेजारी बाकावर बसले. महिन्याभरानंतर दोघं असे शेजारी बसले होते. तिने मान खाली घातली. "बाबा, चुकलं माझं. शेंदराचं."

"चुकलंच," ते म्हणाले. "आता ते राहू दे. आत कसं होतं ते सांग."

ती सांगू लागली. आधी पुटपुटत. पाणी गार होतं. छत कमानीचं होतं, डोक्याला लागत नव्हतं. मासे डाव्या भिंतीवर, तिच्या छातीच्या उंचीवर. सुरुवातीचे वेडेवाकडे, जणू पानच काढलंय. पुढे पुढे हात बसत गेलेला. शेपटी एका ओढीत.

"डोळा होता?"

"होता. शेवटच्या माशांना होता."

"म्हणजे नंतर शिकले," काका म्हणाले.

"अहो, जरा हळू," फौजदार म्हणाले. "ही चौकी आहे."

सत्यशीलाने त्यांच्याकडे पाहिलं. मग वडिलांकडे वळली आणि पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात, चौकीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, पुढचा मासा सांगू लागली.