अक्कांनी तपासणीत दिलेलं उत्तर

धुळ्यात आग्रा रोडजवळच्या एका गल्लीत माझा दातांचा दवाखाना होता. दोन खोल्या, एक खुर्ची. खुर्चीसुद्धा जुनीच, भुसावळच्या एका निवृत्त डॉक्टरांकडून ट्रकमध्ये टाकून आणलेली. नव्वदच्या आसपासची गोष्ट. दवाखाना उघडून दोन वर्षं झाली होती आणि जम बसत चालला होता. बाजाराच्या दिवशी तर बाहेरचा बाक पुरायचा नाही.

मदतीला अक्का होत्या. पन्नाशीच्या, नरडाण्याकडच्या. आधी झाडलोट करायला येत. कंपाउंडर सोडून गेला तेव्हा मीच त्यांना साधनं धुवायला आणि उकळायला शिकवलं. पाणी खदखदायला लागल्यापासून वीस मिनिटं, घड्याळ बघून. लिहिता-वाचता येत नसलं तरी घड्याळ त्यांना चांगलं कळायचं.

अशाच एका बाजाराच्या दिवशी, बाहेर गर्दी असताना, आरोग्याधिकारी आले. सडसडीत माणूस, काखेत फाईल. दाराबाहेर चपला काढून आत आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, तक्रार आहे. दवाखाना बघावा लागेल."

पलीकडच्या गल्लीतल्या एका शाळामास्तरांची दाढ मी दीड महिन्यापूर्वी काढली होती. त्यांना कावीळ झाली होती. ती माझ्या सुईनेच झाली, असा अर्ज त्यांच्या पत्नीने दिला होता.

मी कॉलेजात पाठ केलेलं सगळं घडाघडा सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते. मग त्यांनी रजिस्टर मागितलं, आदल्या दिवसाची नावं मोजली. बावीस. कपाट उघडून दात काढायच्या चिमट्यांचे आणि सिरिंजचे संच मोजले. पाच. म्हणजे एकेक संच दिवसातून चार-पाचदा उकळायला हवा होता. स्टरिलायझर विजेवर चालायचा आणि त्या उन्हाळ्यात वीज दिवसातून तीन-चारदा जायची.

ते अक्कांकडे वळले. "साधनं तुम्ही उकळता? किती वेळ?"

"वीस मिनिटं," मीच म्हणाले. "त्यांना ठाऊक आहे सगळं."

"मी त्यांना विचारलंय, डॉक्टर."

अक्कांनी पदराला हात पुसले. "लाईट राहिनी तं ईस मिनिटं, साहेब. लाईट गई आन बाहेर मानसं बठेल राहिनात, तं मग जितलं व्हई तितलं."

वीज असली तर वीस मिनिटं. वीज गेली आणि माणसं ताटकळलेली असली, तर होईल तेवढंच. दार अर्धं उघडं होतं. बाहेरची कुजबुज एकदम थांबली. गालाला फडकं बांधून बसलेल्या एक बाई उठल्या आणि निघून गेल्या.

साहेबांनी लिहून घेतलं. आठ दिवस दवाखाना बंद. विजेवर अवलंबून नसलेली उकळण्याची सोय, जास्तीचे संच आणि प्रत्येक खेपेची नोंद, एवढं झाल्याशिवाय एकही पेशंट घ्यायचा नाही.

"पण मास्तरांची कावीळ माझ्याचकडून झाली का?" मी विचारलं.

"त्यांच्या वाड्यात अजून सहा-सात जणांना आहे. तिथल्या विहिरीचं पाणी तपासायला दिलंय. बहुतेक पाण्याचीच असेल." त्यांनी फाईल बांधली. "पण सुईनेही होते. आणि ती जास्त वाईट. हे तुम्हाला मी सांगायला नको."

ते गेल्यावर मी अक्कांवर तुटून पडले. "तुम्हाला गप्प बसता आलं नाही? दोन वर्षांची मेहनत माझी!"

त्या रडल्या नाहीत की चिडल्या नाहीत. "बाई, तुम्हीच दारमातून इचारतस ना, अक्का व्हयनं का, अक्का व्हयनं का. मंग मी काढी लेस. खोटं काब सांगू?"

खरंच होतं ते. पेशंट खुर्चीत आ करून बसलेला असताना मी दारातून हाक मारायची, "अक्का, झालं का?" त्या "थोडं बाकी शे" म्हणायच्या आणि मी "द्या, द्या" म्हणून हात पुढे करायची, की त्या तशीच पाण्यातून काढून द्यायच्या. रॉकेलचा एक स्टोव्ह घेऊ, असं त्यांनी थंडीतच सुचवलं होतं. बघू, म्हणाले होते मी.

दारावर पाटी लावायची होती. "डॉक्टर बाहेरगावी गेल्या आहेत," एवढं मी लिहिलंही. अक्कांनी विचारलं, "काय लिखं?" मला ते वाचून दाखवायचा धीर झाला नाही. कागद फाडला आणि दुसऱ्यावर लिहिलं: साधनं निर्जंतुक करण्याची व्यवस्था सुधारण्यासाठी दवाखाना आठ दिवस बंद.

दुसऱ्या दिवशी मास्तरांकडे गेले. ते खाटेवर पडून होते, डोळे हळदीसारखे. उशाशी उसाच्या रसाचा तांब्या. विहिरीच्या पाण्याचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मी हिला म्हटलंच होतं, डॉक्टरांचं नाव घेऊ नकोस." तिथेच उठून आले असते, तर सोपं झालं असतं. पण अक्का काय बोलल्या, तेही मी सांगितलं.

त्यांच्या पत्नी भिंतीला टेकून उभ्या होत्या. "म्हणजे तुमच्याकडून होऊ शकली असती."

"हो."

त्या आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. मास्तर पुढे दोन महिन्यांत बरे झाले. माझ्याकडे मात्र कधी आले नाहीत.

जळगावच्या सर्जिकल दुकानातून मी स्टोव्हवर चालणारा वाफेचा मोठा कुकर आणला, संच दुपटीहून जास्त केले. प्रत्येक खेपेला अक्का वहीत घड्याळाचे दोन काटे काढायच्या, चढवताना एकदा आणि उतरवताना एकदा.

साहेब पुन्हा आले ते दवाखाना उघडल्यानंतर, न सांगता, वीज गेलेली असताना. बाकावर पेशंटांमध्येच बसले होते, मला कळलंही नाही. आत मी नेहमीच्या सवयीने हात पुढे केला. अक्का कुकरसमोर आडव्या उभ्या राहिल्या. "नई. अजून सात मिनिटं."

खुर्चीतला माणूस कण्हत होता. आम्ही तिघं ती सात मिनिटं तशीच थांबलो. नंतर साहेब बाकावरून उठून आत आले. त्यांनी वही चाळली, ते वेडेवाकडे काटे बघून हसले आणि सही केली. जाताना त्यांनी नमस्कार केला तो अक्कांना.

गर्दी पूर्ववत व्हायला वर्ष गेलं. पण तपासणीआधीच्या दोन वर्षांचं काय, हा प्रश्न मला सुटत नव्हता. जुनं रजिस्टर मी टेबलावरच ठेवलं. त्यातलं कुणी दवाखान्यात आलं किंवा बाजारात भेटलं, की इकडचं तिकडचं बोलून विचारायची, "मध्यंतरी कावीळ-बिवीळ झाली होती का हो?" लोकांना गंमत वाटायची. नाही म्हणाले की मी त्या नावापुढे बारीक खूण करायची. कुणीही कधी हो म्हणालं नाही. पण रजिस्टरमधली निम्म्याहून जास्त माणसं खेड्यांवरून एकदाच आलेली होती. ती मला पुन्हा भेटलीच नाहीत.