कुंकू लावलेले पाने

‘दसऱ्याला आपापली अवजारं घेऊन गेटवर या’ हे वाक्य माझं. घाटकोपरच्या चाळीत, पोटमाळ्यावर बसून मीच ते पत्रकाच्या स्टेन्सिलवर कोरलं होतं.

वडील आग्रा रोडवरच्या कारखान्यात टर्नर होते. मालकाने परदेशातून कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आणली. ‘बाहेरच्या मालाशी टक्कर द्यायची आहे, थोडी कळ सोसा,’ म्हणून पगारवाढ गोठवली. त्याच वर्षात स्वतःचा बंगला उठवला. कामगारांनी वाढ मागितली, तर त्याने गेटला टाळं ठोकलं.

दसऱ्याला प्रत्येक कामगार आपल्या मशीनची पूजा करायचा. त्या वर्षी मशीनं आत आणि माणसं बाहेर. म्हणून मी लिहिलं, पूजा गेटवरच करू.

माणसं आली. चपला काढून रस्त्यावर वर्तमानपत्रं पसरली. त्यावर नट आवळायचे पाने, हातोडे, झेंडूची फुलं. वडिलांचा मशीनवरचा जोडीदार बौद्ध, पांढरा शर्ट घालून आलेला. तो कधी पूजा करायचा नाही. दर दसऱ्याला मशीनला तेल द्यायचा.

“तू कुंकू लाव,” तो वडिलांना म्हणाला, “मी तेल देतो. बघू मशीन कोणामुळे चालतं.”

“आधी टाळं तरी उघडूंदे रे.”

तेवढ्यात गेट खरंच आतून उघडलं. आम्हाला वाटलं, पूजेपुरतं आत घेतायत. काहीजण हसत उठलेसुद्धा.

आतून सळया घेतलेली पोरं धावत आली. आमचीच पोरं. नाक्यावर फळा लावून ‘परप्रांतीयांनी तुमची भाकरी पळवली’ असं शिकवणारी. खरी भाकरी पळवणाऱ्या मालकाने त्यांना आतल्या कँटीनमध्ये नाश्ता दिला होता. जोडीदाराच्या डोक्यात पहिली सळई बसली. तो बसल्या जागी आडवा झाला, तरी दोघे त्याला लाथा घालत राहिले. अनवाणी माणसं पोरांनी फेकून फोडलेल्या बाटल्यांवरून पळाली. रक्त कुंकवासारखं दिसत नाही. ते दाट असतं आणि लगेच माश्या येतात.

वडील पळाले नाहीत. त्यांच्या पान्यावर कोणाचा पाय पडू नये म्हणून ते तो उचलायला वाकले. आमच्याच चाळीत वाढलेला एकजण समोर आला.

“काका, बाजूला व्हा ना यार. तुम्हाला नाय मारायचं.”

“मग त्याला कशाला मारलंस रे?”

सळई त्यांच्या उजव्या हातावर आली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

सगळं संपल्यावर पोलीस आले. पंचनाम्यात पाने आणि हातोडे ‘घातक हत्यारं’ म्हणून नोंदवले गेले, कुंकवासकट. एकानेही त्यातलं काही उगारलं नव्हतं. पूर्वनियोजित कटाचा पुरावा म्हणून माझं पत्रक जोडलं. तेव्हापासून प्रत्येक वाक्य मी एकदा फौजदाराच्या डोळ्यांनी वाचते. लिहायचं मात्र थांबवलेलं नाही.

आठवड्याने कारखान्याचा कारकून टाइप केलेला कागद घेऊन घरी आला. जुन्याच पगारावर वडिलांना परत घेणार होते. फक्त पत्रक कोणी लिहिलं ते नाव घालून खाली सही हवी होती.

वडिलांनी कागद माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला. मग प्लास्टरमधला हात दाखवला.

“डावा अंगठा चालेल,” कारकून म्हणाला आणि त्याने शाईची डबी उघडली.

वडिलांनी डावी मूठ आवळून त्याच्यापुढे धरली.

“मग ह्योव हात मोडा.”