फासळ्या दिसणारा कुत्रा

जव्हार पोलीस ठाण्यातली ती केस निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून जात नाही. चोऱ्या, मारामाऱ्या पुष्कळ उलगडल्या, पण त्या कुत्र्यापुढे माझी मती गुंग झाली होती.

एका सकाळी ठाणे अंमलदाराने निनावी फोनची नोंद घेतली. एक शिक्षिका प्रशिक्षणासाठी नाशिकला गेल्या आहेत आणि त्यांचा ग्रेहाऊंड जातीचा कुत्रा सांभाळायला ठेवलेला गडी त्याला उपाशी मारतोय, अशी खबर होती. मी हवालदाराला घेऊन बाईंच्या घरी गेलो. कुत्रा पडवीत आडवा पडलेला. फासळ्या मोजाव्यात इतका बारीक, डोळे सताड उघडे, हालचाल नाही. मला वाटलं, गेला! टाळी वाजवली तर दचकून उठला. उघड्या डोळ्यांनी झोपला होता की काय? मला काही उमजेना.

गडी जवळच्या दाभोसा गावचा, चाळिशीतला, भित्रा.

"काय रे, याला घालतोस की स्वतःच खातोस?"

"घालतंय सायेब, बाईंनी सांगलंय तेवढा. पन याचे अंगालाच नाय लागं."

मी भडकलो. "दोन दिवसांत फासळ्या झाकल्या नाहीत तर आत टाकीन!"

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन : कुत्र्याला विष घातलं. जाऊन बघतो तर पोट टम्म फुगलेलं, लाळ गळतेय, ओकायला बघतोय पण बाहेर काही पडत नाही. कुत्र्याला जीपने जनावरांच्या दवाखान्यात पाठवलं आणि गड्याला ठाण्यात आणलं.

"कोणतं विष दिलंस?" तासभर हेच विचारत होतो. शेवटी तो रडत म्हणाला, "सायेब, तुमीच सांगलां, फासळ्या झाकायच्या. दोन दिस भात न् नागलीची भाकर कोंबली. आज पोटभर घातला न् मोकळा सोडला. लय पळला, मंग असा झाला."

तेवढ्यात पशुवैद्यांचा फोन आला.

"विषबिष काही नाही. पोटात गॅस कोंडला होता, नळी घालून काढला. थोडक्यात वाचला. या कुत्र्यांची छाती खोल असते, भरल्या पोटी पळवायचं नसतं."

"पण तो उपाशी होता ना? फासळ्या दिसत होत्या!"

"साहेब, दोन-तीन फासळ्या दिसतात तोच ग्रेहाऊंड धडधाकट. दिवसभर लोळणं, कधी डोळे उघडे ठेवून झोपणं, हे त्यांचं असंच."

मी फोन ठेवला. कुत्र्याला मरणाच्या दारात नेलं ते माझ्या दमदाटीनं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. खबर आली की आधी माहितगाराला विचारावं, मग आवाज चढवावा, हे मी नव्या शिपायांना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. स्वतः मात्र एक फोनसुद्धा केला नव्हता.

संध्याकाळी बाई परतल्या. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी गड्याला कामावर राहायची विनवणी केली.

"नको बाई," तो म्हणाला. "कुत्रा गुनाचा हाय. पन सायेब परत येतील."

मी पुढे होऊन त्याच्यासमोर हात जोडले. तो आणखीच घाबरला आणि दोन पावलं मागे सरकला.