भोंग्याचं रेडिओ स्टेशन

बसस्टँडवर गाड्या पुकारणाऱ्या त्या माणसाला सगळे भोंगा म्हणत. माइक बंद पडला तरी त्याचं काही अडत नसे. घरातही तीच तऱ्हा. बायकोच्या कानात काही कुजबुजायला गेला, की भिंतीपलीकडून शेजारीण उत्तर द्यायची. अशा माणसाच्या घशात गाठ निघावी आणि डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरपेटीच काढून घ्यावी, याला काय म्हणायचं? देवाला कधीकधी अजिबात अक्कल नसते.

घरी आल्यावर त्याच्या हातात पाटी आली. पण जो एका दमात साऱ्या मार्गावरची गावं घडाघडा म्हणायचा, त्याला पाटीवर ‘मीठ कमी’ लिहायचाही कंटाळा यायचा. हळूहळू तो पाटी हातात घेईना. बायको घरी शिवणकाम करायची. मशीन चालवता चालवता ती एकटीच बोलत राहायची. तिला त्याचं बोलणं परत हवं होतं, बाकी काही नको होतं. कडाक्याचं भांडण मिळालं असतं तरी चाललं असतं.

मग स्टँडवरच्या वायरमनने त्याच्या डोक्यात घरबसल्या दूरच्या लोकांशी बोलायच्या हौशी रेडिओचं खूळ घातलं. “बोलायला तोंड कशाला लागतं? मोर्स शीक. टिंब आणि रेघ, झालं काम!” पठ्ठ्या अभ्यासाला लागला आणि परीक्षा देऊन लायसन्स घेऊन आला. मागच्या खोलीतलं तिचं कापडांचं कपाट हललं. तिथे जुना रेडिओसंच, बॅटरी आणि बोटाने दाबायची एक पितळी दांडी आली. गच्चीवर एरियलची तार ओढताना शिडी धरायला अर्थात तीच.

“अहो, पडाल! पुरे झाली उंची,” ती खालून ओरडायची, आणि तो वरून हातानेच गप्प बसवायचा. तार जरा खालीच राहिली, तर शेजारणीने तिच्यावर टॉवेल वाळत घातले.

स्टेशन सुरू झालं आणि घरात बोलणं आलं. फक्त ते तिच्याशी नव्हतं. रोज संध्याकाळी तो दूरच्या गावातल्या एका निवृत्त मास्तरांशी आपल्याच भाषेत, पण इंग्रजी अक्षरं वाजवून, गप्पा मारायचा. स्पीकरमधून नुसतं टी-टी ऐकू यायचं. एकदा तिने पाहिलं, चार टिंबं आणि मग दोन टिंबं वाजवताना त्याचे खांदे हलत होते. तिने वायरमनला विचारलं.

“वहिनी, ते हसणं आहे,” तो म्हणाला. “मोर्सवाले असंच हसतात.”

म्हणजे हा माणूस रोज हसत होता आणि तिला पत्ताच नव्हता! तिनेही चंग बांधला. त्याने भिंतीवर चिकटवलेला तक्ता ती केर काढताना पाठ करायची, मशीनवर बोटाने ठोकून बघायची. नीट जमलं, की एक दिवस सरळ त्याच्यासमोर बसून ती दांडी दाबायची आणि म्हणायचं, ‘जेवायला चला’. त्याचा चेहरा कसा होईल, या विचाराने ती एकटीच हसायची.

अक्षरं लागली, मग शब्द लागले. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात चहा गाळताना तिला पहिल्यांदाच बोलणं सलग कळलं. गाठ परत आली आहे, तो मास्तरांना सांगत होता, डॉक्टर आता काही करणार नाहीत. तपासणीला तो हल्ली एकटाच का जायचा, ते तिला आत्ता समजलं. घरी सांगितलंत का, मास्तरांनी विचारलं. नाही, त्याने वाजवलं. ती खचेल.

तिला त्याचा भयंकर राग आला. आत जावं आणि गदागदा हलवून विचारावं, मी कोण लागते तुमची? पण आपल्याला कळतं हे त्याला कळलं, तर तो तिथेही बोलायचा थांबेल. मग हा माणूस मन मोकळं कुठे करणार? तिने तोंड धुतलं आणि चहा आत नेला.

“काय म्हणतायत तुमचे मास्तर?”

त्याने पाटी घेतली. ‘त्यांच्या मांजरीला पिल्लं झाली.’

“अगं बाई! किती?”

त्याने चार बोटं दाखवली.

त्यानंतर गिळताना दुखतं, असं त्याने मास्तरांना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ताटात सगळं मऊ आणि गाळलेलं यायला लागलं. आडवं झालं की जीव घाबरतो म्हणाला, तर पाठीशी लोड आला. एकटं बसवत नाही म्हणाला, तर तिने शिवणाचं मशीन मागच्या खोलीत आणलं. “इथे उजेड बरा आहे,” ती म्हणाली.

‘तुला कसं कळतं?’ त्याने पाटीवर लिहिलं.

“इतकी वर्षं काय नुसते कपडे शिवले मी?”

पुढे त्याचा हात मंदावला. दोन अक्षरांमध्ये तो दम खायचा. एका संध्याकाळी मास्तरांनी पुन्हा विचारलं, अजून नाही सांगितलंत? तो एकेक अक्षर वाजवत गेला. माझी बायको न सांगता सगळं ओळखते. असं माणूस मला मिळालं, आणखी काय हवं?

हातभर अंतरावर ती मशीन चालवत होती. आता ती दांडी आपण कधीच दाबायची नाही, हे तिला त्या क्षणी पक्कं कळलं. सुईखालचं कापड संपलं होतं, तरी तिने मशीन थांबवलं नाही. थांबवलं असतं, तर त्याने वळून पाहिलं असतं.