खूण घातलेली माती

जोतीरामच्या बापाची मेंढरं होती. एखादं जनावर परक्या कळपात मिसळलं तर ओळखू यावं म्हणून बाप त्यांच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढायचा. पुढं मेंढरं गेली, बावड्याजवळ नीरेच्या काठाला मळईची, नदीच्या गाळानं बनलेल्या जमिनीची, पट्टी वाट्याला आली. जोतीरामची नजर मात्र राखणदाराचीच राहिली.

पट्टी लहान, पण पोयटा असा की मूठ दाबली तर बोटांचे ठसे राहावेत. पुरांनी थरावर थर आणून घातलेला. वरच्या मुरमात ज्वारी कण्हत यायची, इथं कांदा फुगायचा. घर याच पट्टीवर चालायचं, आणि पट्टी कमी होत होती. दर पावसाळ्यानंतर नदीकडची कड थोडी आत आलेली असायची.

शेजारच्या नागेशचा माळ मात्र हल्ली काळा दिसायचा.

"नागेशराव, माळ लई काळा पडलाय तुमचा."

"धरणाचा गाळ टाकलाय, आबा. तुमी बी आणा की."

"आमचा नदीनं घरपोच दिलाय. कुनी उचलला न्हाय म्हंजी झालं."

नागेश हसला. ते हसू जोतीरामला रात्रभर टोचत राहिलं.

काठावर निरगुडीची दाट जाळी होती. तिच्या आड माती चोरणारा ट्रॅक्टर लपू शकतो, म्हणून त्यानं ती मुळासकट उपटली. मग जुनी कौलं कुटून त्यांचा लाल चुरा कडेच्या मातीत कालवला.

बायको कौसल्या बघत होती. "माती काय मेंढरू हाय व्हय, खूण घालाया?"

"मेंढरू वरडतं तरी. माती गप जाती."

त्या पावसाळ्यात पाणी चढलं आणि उतरलं. कडेचा मोठा लचका गेला होता. नदीच्या वळणाखाली नागेशचीही मळई होती; जोतीराम तडक तिच्यात शिरला. ताज्या गाळात लाल ठिपके चमकत होते.

"घावला चोर!"

नागेश बांधावरच थांबला. "आबा, मागं बघा. गाळात पावलं कुनाची हायती?"

ओल्या, सपाट गाळावर एकच माग होता, जोतीरामचा. चाकाची रेघ कुठंही नव्हती. लाल ठिपके पाण्याच्या वळणानं ओळीत पसरले होते.

"न्या तुमची माती वळखून."

जोतीरामनं ओंजळ भरली. कौलाचा तुकडा त्याचा होता. भोवतीची माती कुणाचीही होती.

"निरगुडी उपटली तवाच सांगणार हुतो," नागेश म्हणाला. "मुळं धरून ठिवत्यात काठाला. पन तुमी बोलू देताय व्हय?" आणि त्यानं आपल्या काठावरच्या निरगुडीच्या फांद्यांचा भारा लावायला तोडून दिला.

संध्याकाळी कौसल्या खड्डे घेत होती. जोतीराम फांदी हातात धरून उभाच.

"एवढ्या सुखासुखी का दिल्या त्यानं?"

"इख लावलं आसंल."

ती हसली. तो हसला नाही. फांदीचं तुटकं टोक त्यानं नाकाशी नेलं, हुंगलं, आणि मगच मातीत खोवलं.